लगद्याच्या गोळ्यावरची हळद

आजच्या समारंभाच्या अध्यक्षस्थानी असलेले आमच्या पेपर मिलचे मालक माननीय शरच्चंद्रजी हुद्दार, व्यासपीठावरील प्राचार्य महोदय, विद्यापीठातून मुद्दाम वेळ काढून आलेले पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती आणि माझ्या गुरू डॉ. वसुधा हेरेकर बाई, बेंगळूरहून आलेली त्यांची कन्या स्वराली, समोर बसलेले प्राध्यापक, आजी-माजी विद्यार्थी, आणि निपाणीहून मिलच्या गाडीनं आलेली आमच्या ब्लीचिंग खात्याची मंडळी, आपणा सर्वांना मष्णू मुतगेकरचा नमस्कार.

सर्वप्रथम, आम्हा मिलवाल्यांना यायला उशीर झाला त्याबद्दल दिलगिरी. आम्ही दारातून आत येताना प्राचार्यसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं ते मी पाहिलं. उशिराचं कारण आहे, आणि ते कारण म्हणजेच माझं भाषण आहे. थोडा धीर धरावा.

सूत्रसंचालक ओमकार यांनी माझी ओळख 'उद्योग क्षेत्रातील अनुभवी तज्ज्ञ' अशी करून दिली. मागच्या रांगेत आमची माणसं का हसली, हे त्यांना कळलं नसेल. बाईंच्या हाताखाली मी याच कॉलेजातून बीएस्सी झालो, सेकंड क्लासमध्ये. तेव्हापासून तपकिरी लगदा पांढरा करण्याचं काम करतो. माझ्या खात्यातून निघालेल्या कागदासारखा पांढरा कागद या पट्ट्यात दुसरा कुणी काढत नाही. हे मी गर्वानंच सांगतोय, तज्ज्ञ म्हणून नाही.

माझ्याआधीच्या वक्त्यांनी बाईंचे शोधनिबंध सांगितले, परदेशातली व्याख्यानं सांगितली. ते सगळं खरंच असणार, मी वाचलेलं नाही. मला एकच गोष्ट सांगायची आहे. गेल्या आठवड्यात बाई, निवृत्त होऊन लेकीकडं जायच्या आधी, मिलमध्ये सगळ्यांचा निरोप घ्यायला आल्या होत्या. चहा झाला, फोटो झाले. मग जाता जाता लगद्याच्या टाकीपाशी थांबल्या आणि मला म्हणाल्या, "मष्णू, मी बेंगळूरला गेल्यावर हे असंच चालू राहील का रे? की चार महिन्यांत क्लोरीनचे सिलिंडर परत उतरतील तुमच्या दारात?"

मी टाकीच्या काठावर सांडलेला लगदा पुसत राहिलो. बाईंना वाटलं असेल, मष्णूला उत्तर येत नाही. परीक्षेतही त्यांना बऱ्याचदा तसंच वाटायचं, आणि बऱ्याचदा ते खरंही असायचं. या वेळीही खरंच होतं. उत्तर मला आज सकाळी मिळालं, आणि ते मी चारचौघांत देणार आहे.

आता, बाईंनी नेमकं काय केलं हे ज्यांना रसायनशास्त्राचं वावडं आहे त्यांच्यासाठी दोन वाक्यांत सांगतो. आपल्याकडं शेतातल्या खोपटाला कूड घालतात. काटक्या उभ्या करायच्या आणि त्यावर माती लिंपायची. झाडाचं लाकूड तसंच असतं. काटक्यांच्या जागी बारीक धागे, आणि लिंपणाच्या जागी लिग्निन. झाड ताठ उभं राहतं ते या लिग्निनच्या जोरावर, आणि कागद पिवळा पडतो तोही याच लिग्निनमुळं. आम्ही निलगिरीचं लाकूड कॉस्टिक सोड्यामध्ये शिजवतो, म्हणजे बरंच लिंपण सुटतं. पण थोडं धाग्याला चिकटून बसतं, काही केल्या हटत नाही. ते काढायला आम्ही क्लोरीन वापरायचो. क्लोरीन चोख काम करायचा. फक्त मागं जे पाणी उरायचं, त्यात बेडूकसुद्धा राहायला तयार नव्हता.

बाईंनी या लिग्निनच्या मागं उभी हयात घालवली. हे हट्टी लिंपण धाग्याला ज्या दुव्यानं धरून बसतं, तो दुवाच सोडवायचा, म्हणजे क्लोरीन फार लागणार नाही, असा त्यांचा विचार. आणि तो दुवा सोडवणारं एन्झाइम त्यांना मिळालं कुठं? हिंडलग्याला त्यांच्याच परसात, सरपण फोडायच्या कुजलेल्या ओंडक्यावरच्या बुरशीत. हिंडलग्याला तुरुंग आहे, त्यामुळं तिथून आलो म्हटलं की बेळगावात लोक विचारतात, कधी सुटलात? बाईंची बुरशी मात्र तिथून सुटली ती थेट निपाणीला आमच्या मिलमध्ये आली.

आली, पण सुखानं नाही. बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या सांडपाण्याबद्दल सरकारी नोटीस आली होती. क्लोरीन कमी करा, नाहीतर ब्लीचिंग बंद करा. नोटीस कन्नडमध्ये होती, पण मालकांना घाम फुटायला भाषांतराची गरज लागली नाही. मालक, हसू नका, मी समोर होतो. तुमच्यापुढं दोनच वाटा होत्या. बाहेरून पांढरा लगदा विकत घ्यायचा आणि आमचं खातं मोडीत काढायचं, किंवा कॉलेजातल्या एका बाईंच्या बुरशीवर भरवसा ठेवायचा. मालकांनी बाईंना तीन चाचण्या करायची परवानगी दिली. तिसरी फसली की खातं बंद, हे त्यांनी आम्हा सगळ्यांसमोर सांगितलं. माझ्या खात्यातली निम्मी माणसं तेव्हा पन्नाशीच्या आसपास होती. या वयात दुसरीकडं कोण कामावर घेणार होतं त्यांना?

माझा या प्रकाराला विरोध होता. आज सत्काराच्या दिवशी तो लपवायचा का? बिलकूल नाही. बुरशीच्या रसानं लगदा पांढरा होतो म्हणे. मी म्हणालो, होणार नाही. पहिली चाचणी झाली, लगदा पांढरा झाला नाही, क्लोरीन पहिल्याइतकाच लागला. मी म्हणालो, बघा. दुसरी झाली, तेच. मी म्हणालो, बघा बघा. म्हणजे पहिल्या दोन्ही वेळा मी बरोबर ठरलो आहे आणि हा मान मी कुणाला देणार नाही.

बाईंना मात्र कारण सापडेना. तेच एन्झाइम कॉलेजच्या प्रयोगशाळेत फक्कड चालायचं. मिलमध्ये आलं की मेल्यासारखं पडायचं. लगद्यात फार खार, म्हणजे कॉस्टिक, राहिला असला, तर एन्झाइम मरतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्या आधी पीएच तपासून घ्यायच्या. आमचा माणूस लगदा धुणाऱ्या वॉशरवरनं लगदा आणायचा, मीटरवर आकडा अगदी हवा तसा यायचा. सगळं बरोबर, आणि तरी सगळं फुकट. दुसऱ्या चाचणीनंतर बाई निपाणीच्या स्टँडवर बेळगाव गाडीची वाट बघत बसल्या होत्या. मी त्यांना सोडायला गेलो होतो. त्या एवढंच म्हणाल्या की आपल्या हट्टापायी इतक्या जणांचं काम जाणार. डोळ्यांत पाणी होतं. मी विरोधक, पण त्या दिवशी मला घरी जेवण गेलं नाही.

आता आमच्या मिलची एक रीत सांगतो, कारण खरी गोम तिथंच आहे. आमच्याकडं नवीन काहीही सुरू करायचं झालं, तर टाकीतून मूठभर लगदा काढायचा, दोन्ही हातांनी घट्ट पिळायचा, गोळा करून ताटलीत ठेवायचा आणि त्यालाच गणपती मानून हळद-कुंकू वाहायचं. आरती झाली की विसर्जनही त्याच टाकीत. हा मान नागुबाईंचा. नागुबाई त्या समोर बसल्या आहेत, दुसऱ्या रांगेत, निळ्या साडीत. उभ्या राहा, नागुबाई. खात्यात सगळ्यांत जुन्या, मालकांनाही पोरा म्हणणाऱ्या या एकट्याच.

पहिल्या चाचणीच्या वेळी नागुबाईंनी गोळ्यावर हळद वाहिली, आणि कुंकवाची चिमूट उचलेपर्यंत हळद आपोआप लालभडक झाली. सगळं खातं थक्क. नागुबाई म्हणाल्या, "देवीनं आपल्या हातानं कुंकू लावलं. लई चांगला शकुन हाय." टाळ्या झाल्या, नारळ फुटला, शिरा वाटला. दुसऱ्या चाचणीलाही हळद लाल. तेव्हा तर पेढे आले.

आपण विचाराल, तुम्ही बीएस्सी ना हो, तुम्ही काय करत होता? मी हात जोडून उभा होतो. पूजेच्या वेळी बीएस्सी चपलांबरोबर बाहेर ठेवायची असते.

आणि बाई? बाई त्या वेळी आमच्या छोट्या लॅबमध्ये एन्झाइम मोजत असायच्या. पूजेला त्यांचा विरोध नव्हता, फक्त पूजा तुमची आणि औषध माझं अशी त्यांनी मनाशी वाटणी करून घेतली होती. त्या बाहेर येईपर्यंत गणपती टाकीत गेलेला असायचा. आणि एवढा चांगला शकुन झाल्याचं त्यांना कुणी सांगितलं नाही, कारण शिकलेली बाई, हसतील, असं सगळ्यांना वाटलं.

ओमकारनं आत्ता चिठ्ठी पाठवली आहे. 'कृपया आवरतं घ्या.' ओमकार, बाळा, तिसरी चाचणी राहिली आहे. खातं बंद पाडून खाली बसू का?

तर तिसरा दिवस उजाडला. नोटीस पाठवणाऱ्या खात्याचे साहेब पाहायला आले होते. मालक त्यांच्या शेजारी, चेहरा असा की वरपक्षापुढं हात जोडून उभा असलेला मुलीचा बाप. बाई लॅबकडं निघाल्या आणि नागुबाईंनी त्यांचा रस्ता अडवला. नागुबाईंचा हिशेब सरळ होता. शकुन दोन्ही वेळा चांगला झाला, तरी यश नाही, याचा अर्थ काय? तर जिचं काम आहे ती बाईच पूजेला नसते. देवी रुसली. आज पूजा बाईंनीच करायची, नाहीतर नागुबाई मोटर सुरू करू देणार नाहीत.

बाईंना वेळ नव्हता. त्यांचं एन्झाइम तयार होऊन बसलं होतं. पण नागुबाईंपुढं कुणाचं चाललंय? बाईंनी पदर खोचला, टाकीत हात घातला, खोलवरचा लगदा काढला, पिळला, गोळा केला. चिमूटभर हळद वाहिली.

हळद लाल झाली.

टाळ्या सुरू झाल्या. मालकांनीसुद्धा सुटकेचा श्वास सोडून दोन टाळ्या वाजवल्या. बाई मात्र ताटली हातात धरून तशाच उभ्या. मग त्यांनी नागुबाईंना विचारलं, हे दर वेळी होतं का? नागुबाई आनंदानं म्हणाल्या, "व्हय की. दोन्ही येळंला झालतं."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. ती नजर मी कॉलेजातही पाहिली होती. म्हणाल्या, "मष्णू, फर्स्ट इयरचं पहिलं प्रॅक्टिकल कुठलं होतं?"

मंडळी, पहिलं प्रॅक्टिकल होतं हळदीच्या कागदाचं. कागदाला हळद लावायची, त्यावर साबणाचं पाणी टाकायचं, चुन्याची निवळी टाकायची, आणि हळद लाल झाली की लिहायचं, पदार्थ अल्कधर्मी आहे. त्यात मला दहापैकी नऊ मार्क होते. माझा बचाव आजही एकच आहे. कॉलेजात हळद कागदावर होती, इथं ती गणपतीवर होती.

एका क्षणात सगळा उलगडा झाला. वॉशरवर लगद्याचा जाड थर असतो आणि वरून स्वच्छ पाण्याचा फवारा पडत असतो. आमचा माणूस तपासायला लगदा घ्यायचा तो वरचा, धुतलेला. मीटर खोटं बोलत नव्हतं. पण थराच्या पोटात कॉस्टिक तसंच होतं, आणि लगद्याबरोबर तेही टाकीत यायचं. नागुबाई आतला लगदा काढून घट्ट पिळायच्या म्हणून ते बाहेर यायचं. बाईंचं एन्झाइम टाकीत पडल्या पडल्या मरत होतं, आणि आम्ही वर उभे राहून पेढे खात होतो.

बाईंनी सांगितलं, औषध टाकायचं नाही, सगळं थांबवा. मालक म्हणाले, साहेब समोर आहेत, आज झालं नाही तर पुन्हा नाही. बाई म्हणाल्या की आजच होईल, पण आधी धुवायचं. मग धुवायला लागलो. फवारे वाढवले, थर पातळ केला, अॅसिड आतपर्यंत मिसळलं. बाई गोळ्यामागून गोळे करत होत्या. दुपारी हळद केशरी झाली. चहाच्या सुमाराला, अखेर, पिवळी ती पिवळीच राहिली.

आणि आमच्या माणसांचे चेहरे पडले. कुंकू गेलं, शकुन गेला. नागुबाई तर कोपऱ्यात जाऊन बसल्या. तेव्हा बाई त्यांच्याजवळ गेल्या, शेजारी खाली बसल्या आणि म्हणाल्या, "नागुबाई, देवीनं शकुन नव्हता दिला. आधी नीट धुवा, असं सांगत होती ती."

नागुबाई म्हणाल्या, "मग तोंड उघडून सांगायचं न्हाय व्हय तिनं?"

"दोनदा सांगितलं की. आपण टाळ्या वाजवल्या."

नागुबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. त्यांनीच उठून एन्झाइमचा कॅन टाकीत ओतायला हात लावला. दुसऱ्या दिवशी तोच लगदा ब्लीचिंगला आला, तेव्हा क्लोरीनचा व्हॉल्व्ह मी रोजच्याइतका उघडायला गेलो आणि बाईंनी माझा हात धरला. खूप कमी क्लोरीनमध्ये लगदा पांढरा झाला. माझ्या खात्यातून निघतो तसाच पांढरा. त्याचा पांढरेपणा मी पुन्हा पुन्हा मोजला, कारण मला तो चुकीचा ठरवायचा होता. ठरला नाही. खातं वाचलं. पुढं उरलेल्या क्लोरीनच्या जागी पेरॉक्साइड आलं आणि दोन-तीन वर्षांत सिलिंडरचा ट्रक यायचाच बंद झाला. ओढ्याच्या पाण्यात बेडूक परत आले आहेत. रात्रपाळीची माणसं त्यांच्या आवाजाबद्दल तक्रार करतात, ती तक्रार मी नोंदवून घेत नाही.

तेव्हापासून आमच्याकडं प्रत्येक पाळीला गोळा होतो. पिळायचा, हळद वाहायची. पिवळी राहिली तर गणपतीबाप्पा मोरया आणि औषध टाका. लाल झाली तर थांबा. मीटरही आहे, नवा आहे, भारी आहे. पण मीटरला नमस्कार करायची सवय आमच्या माणसांना नाही, आणि ज्याला नमस्कार करतो त्याच्याकडं माणूस जरा नीट बघतो.

आणि हळद लाल झाली की इतकी वर्षं आम्ही काय केलं? बाईंना फोन. लाल झाली, बाई. मग बाई तिकडून विचारणार, कुठला फवारा बंद आहे, थर केवढा आहे, अॅसिड कुणी घातलं. कॉलेजात असोत, खडेबाजारात भाजी घेत असोत, नातवाच्या बारशात असोत. स्वराली, तुझ्या बाळाच्या बारशात तुझी आई पाळण्याची दोरी सोडून मांडवाबाहेर गेली होती. ती माझ्याशी बोलत होती. माफ कर.

आता आजच्या उशिराचं कारण. आज सकाळी आम्ही सगळे सत्काराचे कपडे घालून मिलमध्ये जमलो. गाडी उभी होती. सकाळच्या पाळीचा गोळा तेवढा व्हायचा होता. नागुबाईंनी तो केला, हळद वाहिली, आणि हळद लाल झाली.

मालक, हे तुम्हाला आत्ताच कळतंय, क्षमा असावी.

नागुबाई सवयीनं म्हणाल्या, "बाईस्नी फोन लाव." मी मोबाइल काढलाही. तेव्हा सौम्या पुढं आली. सौम्या आमची नवी केमिस्ट, बाईंच्या शेवटच्या बॅचची विद्यार्थिनी. तिनं माझा मोबाइल घेतला आणि आपल्या पर्समध्ये टाकला. म्हणाली, "आज नको, अण्णा. आपल्याला येतंय की."

तिनं माल थांबवला. बाही वर करून वॉशरवर चढली. एका फवाऱ्याचं तोंड गाळानं बुजलं होतं, ते तिनं शोधून काढलं. आम्ही ते मोकळं केलं, लगदा पुन्हा धुतला, पुन्हा गोळा केला. नागुबाईंच्या नव्या साडीवर कॉस्टिकचे डाग पडले ते तेव्हाच, जवळ बसलेल्यांनी पाहून घ्यावेत. दुसऱ्या गोळ्याची हळद पिवळी राहिली. औषध टाकलं आणि मग गाडीत बसलो. म्हणून उशीर झाला.

बाई, या डब्यात जेवण नाही. यात दोन गोळे आहेत. हा पहिला, लाल. आणि हा दुसरा, पिवळा. मी हे आपल्यासमोर ठेवतो. तुम्ही पिळून पाहिल्याशिवाय राहणार नाही हे ठाऊक आहे, म्हणून ओलेच आणले आहेत.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे. आज हळद लाल झाली आणि तुम्हाला फोन आला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. खरं सांगू? सकाळपासून मला त्याचं वाईट वाटतंय. नंबर लावायला बोट नुसतं वळवळत होतं. आणि गाडीत बसल्यावर असा आनंद झाला की काय सांगू, सगळ्या रस्ताभर मी बडबडत होतो, विचारा यांना. सिलिंडर परत येणार नाहीत, बाई. तुम्ही बेंगळूरला जा, नातवाचा पाळणा हलवा. दोरी सोडायची आता गरज नाही.

मला बोलायची संधी दिली म्हणून कॉलेजचे आभार. आज खात्यातल्या प्रत्येकाला भरपगारी सुट्टी दिली म्हणून मालकांचे आभार, आणि ती सकाळी अर्धी कापली गेली याचं त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. ओमकारच्या चिठ्ठीचा मान राखला नाही, त्याची क्षमा मागतो. भाषण धुऊनच आणलं होतं, तरी कुठं थोडा खार राहिला असेल, कुणाला चरचरला असेल, तर मोठ्या मनानं पदरात घ्यावं.

नागुबाई, आता बसा. मघापासून उभ्याच आहात.